पातेल्याचा वरचा थर

आमच्या गल्लीत संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, एक म्हातारा माणूस दारोदार जाऊन बायकांना विचारतो, "जेवलात का?" पुरुषांना तो विचारत नाही. घरात चार पुरुष बसलेले असले तरी त्यांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडं बघत विचारतो. आतून "व्हय, जेवले" असं उत्तर आलं की इतर कुणी पुढं गेला असता. हा जात नाही. उंबऱ्याशी उभा राहून म्हणतो, "पातेलं दावा."

नव्यानं राहायला आलेल्यांना याचा राग येतो. दुसऱ्याच्या घरातलं पातेलं बघायला मागणं हे शोभत नाही, हे मलाही मान्य आहे. जुने लोक हसण्यावारी नेतात. "आप्पा इन्स्पेक्शनला आले" म्हणतात. कोपऱ्यावरच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी त्यांना एकदा म्हणाली, "आप्पा, आमच्यात डाएट चालू हाय, पातेलंच न्हाय ठेवत आमी." आप्पा म्हणाले, "मग ताटली दाव." ती हसत आत गेली आणि परत बाहेर आलीच नाही. आप्पा बराच वेळ उभे होते.

मागच्या महिन्यात दोन घरचे लोक माझ्याकडं आले. आमची आणि आप्पांची कंपाउंडची भिंत एकच, म्हणून त्यांना कुणी समजवायचं तर ते मीच, असं त्यांचं म्हणणं. बोलतो म्हणालो. अजून बोललेलो नाही. त्यांना काय सांगायला हवं होतं ते इथं लिहितो आहे.

आप्पा सूत-व्यापाऱ्याच्या गोदामात वजनकाट्यावर होते. मी त्याच पेढीत हिशेबाला आहे. दिवसा ते गाठोडी तोलायचे, पण सोलापुरात त्यांची ओळख होती ती वाढपी म्हणून. पैसे घेऊन वाढणारे नव्हेत. लग्न असो, बारसं असो, कुणाचे दिवस असोत, ओळखीचं घर असो की ओळखीच्याच्या ओळखीचं, आप्पा संध्याकाळी लूनावरून हजर व्हायचे. मागच्या कॅरियरला पंच्यात गुंडाळलेलं त्यांचं स्वतःचं ओगराळं बांधलेलं असायचं. पितळी, लांब दांड्याचं, खोलगट. दुसऱ्या कुठल्या ओगराळ्यानं त्यांचा हात चालत नसे. मांडवात शिरले की आचाऱ्याला नमस्कार, पंचा कमरेला, आणि मग पंगत त्यांची.

त्यांचं वाढणं बघण्यासारखं होतं. आग्रह करत नसत. "वाढताना ताटाकडं न्हाय, तोंडाकडं बघायचं," असं ते नव्या पोरांना सांगायचे. एखाद्याला भात हवा आहे पण मागायला लाजतो आहे, हे त्यांना त्याच्या आधी कळायचं. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, वाढताना म्हाताऱ्यांना पातळ भाग, पोरांना घट्ट. पंगतीत कुणी हात थांबवून बसलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. अन्नासाठी माणसाला थांबायला लावणं यासारखं पाप नाही, असं ते म्हणत, आणि हे ते मनापासून म्हणत. तेव्हाही, आणि आताही, मला याबद्दल शंका नाही.

त्यांची खरी विद्या मला कळली ती आमच्या वास्तुशांतीला. मी सवयीप्रमाणं सगळं कागदावर मांडलं होतं: माणसं किती, माणशी तांदूळ किती, वर किती धरायचे. आप्पांनी तो कागद बघितलाच नाही. पहिली पंगत उठल्यावर त्यांनी भाताच्या पातेल्यात डोकावलं आणि म्हणाले, "तुमी धरल्यापेक्षा जास्त माणूस यलालं. आत्ताच दुसरं चढवा." मी उष्ट्या पत्रावळी मोजल्या. ते म्हणाले तसंच निघालं. कसं कळलं म्हणून विचारलं तर त्यांनी मला पातेल्यापाशी नेलं. "भात शिजला की वरचा थर साईगत बसतोय. एक घास जरी कुणी काढला तरी त्यो मोडतोय, आन् परत कितीबी सारवा, तसा बसत न्हाय. पहिलं ओगराळं कडंनं घालायचं, मग खड्ड्यावरनं कळतंय किती हात पडले." लोकांची पोटं त्यांना पातेल्यावर दिसायची. मला आकडे लिहिल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून मला त्याचं फार नवल वाटलं. तेव्हापासून मीही झाकण काढलं की आधी वरचा थर बघतो.

एवढ्या पंगती वाढल्या, पण आप्पा कुठल्याच पंगतीत जेवले नाहीत. यजमान हाताला धरून बसवायचे, हे हात सोडवून घ्यायचे. वाढणारा जेवला की त्याचा हात जड होतो, असं त्यांचं मत. शेवटचं माणूस उठलं, पातेली रिकामी झाली, की ओगराळं धुवून पंच्यात गुंडाळायचं आणि घरी. लगीनसराईत हे रोजचं. रात्री अकरा, कधी बारा. घरी अक्का असायच्या.

अक्का म्हणजे त्यांची बायको. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातल्या. घरात दोघं कानडीत बोलत, आमच्याशी मराठीत. एकुलती मुलगी विजापूरला दिलेली. अक्का संध्याकाळीच भात-आमटी करून झाकून ठेवायच्या, भाजी करून ठेवायच्या, आणि लूनाचा आवाज आला की ज्वारीचं पीठ मळायला घ्यायच्या. आप्पांना भाकरी तव्यावरची लागे. दिवसभर शिळं असलं तरी चालेल, रात्रीची भाकरी गरम. त्या वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाकरी थापायचा आवाज यायचा. आमच्या मुलीला लहानपणी तो आवाज झोपेतच पाठ झाला होता. आप्पा भरपेट जेवायचे, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, वर भात, आणि हात धुवून आडवे व्हायचे. थोड्याच वेळात भिंतीच्या अलीकडं घोरणं ऐकू यायचं. "माझं पोट म्हंजे जातं हाय," असं ते अभिमानानं सांगायचे. पेढीवर कुणी ॲसिडिटीची गोळी घेताना दिसला की त्याची थट्टा करायचे.

त्यानंतर अक्का जेवायच्या. भांडी घासून आडव्या झाल्या की त्यांच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. मग त्या उठून अंगणात यायच्या आणि आमच्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या. पडलं की घशाशी येतं, बसलं की बरं वाटतं, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. कित्येक वर्षं त्या बाईनं अर्धी रात्र बसून काढली. आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, रोज कशाला थांबता हो अक्का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "थांबत न्हाय की. काम असतंय," म्हणाल्या. बायका त्याला थांबणं म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी स्वयंपाकघर बंद व्हायचं असतं, आणि ते शेवटच्या माणसानंतर बंद होतं.

पुढं अक्कांना साखर निघाली. आप्पांना कागदांचा कंटाळा, म्हणून अक्कांची फाइल माझ्याकडं असायची. दवाखान्यात मी सोबत जायचो. डॉक्टरांनी सकाळी एक आणि रात्री एक गोळी दिली, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. रात्रीची कधी, असं अक्कांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आठच्या सुमाराला घ्या. अक्कांनी ते देवाच्या नेमासारखं पाळलं. टीव्हीवर त्यांची मालिका लागायची, तेव्हा पाण्याच्या घोटाबरोबर गोळी. एकही दिवस चुकवली नाही. गोळीची वेळ डॉक्टरांनी सांगितली होती आणि जेवणाची वेळ घरानं ठरवलेली होती. या दोन वेळांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी रिपोर्ट तारखेवार लावत होतो. दुपारच्या जेवणानंतरची साखर ठीक यायची. सकाळची उपाशीपोटीची मात्र दर वेळी चढलेली. उपाशीपोटी जास्त म्हणजे रात्रीची गोळी कमी पडते, म्हणून डॉक्टरांनी रात्रीची गोळी वाढवली. तरीही चढलेली, म्हणून परत वाढवली. आकडे बघितले तर त्यांचं काही चुकत होतं असं म्हणता येत नाही. पण किती वाजता जेवलात, याला रिपोर्टात रकाना नसतो.

एका रात्री नऊच्या सुमाराला माझी बायको ताक द्यायला पलीकडं गेली आणि पळत परत आली. अक्का घामानं चिंब झाल्या होत्या, हात थरथरत होते, आणि तिला ओळखत नव्हत्या. मुलीचं नाव घेऊन, विजापूरची गाडी किती वाजता, असं परत परत विचारत होत्या. बायकोनं साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. मी रिक्षा आणली. आप्पांना फोन केला तेव्हा ते कुठल्यातरी मंगल कार्यालयात होते. आले, पण कमरेला पंचा तसाच होता.

त्या रात्री ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाइल चाळली, गोळ्यांचे आकडे बघितले, आणि आजवर कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"आजी, रात्री जेवता किती वाजता?"

अक्कांनी दाराकडं बघितलं. दारात आप्पा उभे होते.

"हे आल्यावर," त्या म्हणाल्या.

"आणि हे कधी येतात?"

मीच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. गोळी पोटात गेली की ती साखर खाली ओढणारच. वर जेवण पडलं नाही, तर ओढत ओढत कुठवर नेईल याचा नेम नाही. आणि मग मध्यरात्री पोटभर जेवून लगेच आडवं झालं, तर झोपेला निघालेल्या शरीराला ते अन्न पेलत नाही, साखर सकाळपर्यंत रक्तात राहते. ती सकाळची साखर बघून आपण गोळी वाढवत गेलो, म्हणजे रात्री ओढ आणखी वाढली. छातीतली जळजळ, झोप न लागणं, हेही त्यातलंच. भरल्या पोटी पडलं की वर येणारच. "औषध बदलायच्या आधी जेवणाची वेळ बदलू," त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर जेवायचं. आणि ताट समोर आल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही कधीही जेवा. यांना थांबवू नका."

आप्पांना ते लागलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी कुटं थांबवतोय? जल्मात कधी थांब म्हणलो न्हाय मी तिला." ते खरंच होतं. त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं.

पुढचे काही आठवडे आप्पा संध्याकाळी घरी राहिले. दोघं ऊन उतरताना ओट्यावर ताटं घेऊन बसायचे. आप्पांना त्या वेळी भूक नसायची. ताटातली भाकरी मोडत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, पेशंटगत जेवायलालोय." पण अक्कांचा चेहरा त्या दिवसांत निवळला. भिंतीला टेकून बसणं थांबलं. सकाळची साखर उतरली. मी तो आकडा दोनदा वाचला होता, हे आठवतं.

मग लगीनसराई आली. सोलापूरच्या उन्हात लग्नं संध्याकाळचीच. लोक बोलवायला येऊ लागले. तुम्ही नसलात तर पंगत बिघडते आप्पा, असं म्हणू लागले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आप्पा दोन-तीन ठिकाणी नाही म्हणाले. मग एका ठिकाणी व्हय म्हणाले. अक्कांनीच ओगराळं पंच्यात गुंडाळून हातात दिलं, असं बायको सांगते. जाताना त्यांनी अक्कांना बजावलं, मी आलो न्हाय तरी तू जेवून घे. आणि एक गोष्ट सुरू केली. साडेसात वाजले की कुठंही असले तरी फोन करायचे.

तो फोन मी स्वतः ऐकला आहे. आमच्या पेढीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. आप्पा भाताच्या पातेल्याशेजारी उभे, एका हातात ओगराळं, दुसऱ्या हातात फोन. आजूबाजूला बँडचा गोंगाट, म्हणून फोन स्पीकरवर.

"ऊटा आतेनु?" त्यांनी विचारलं. जेवण झालं का?

"आत्री," पलीकडून अक्कांचा आवाज आला. झालं हो.

"हं," म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि वाढायला वळले. आचारी मला म्हणाला, म्हाताऱ्याचं प्रेम बघा, रोज विचारतोय. मलाही तेव्हा बरं वाटलं.

कानडी मुलखातल्या माणसाला हे सांगायला नको. तिकडं रस्त्यात कुणी भेटलं की आधी हेच विचारतात, ऊट झालं का, आणि उत्तर एकच असतं, झालं. नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला घरी न्यावं लागेल, वाढावं लागेल, त्याला अडचणीत कोण टाकणार? अक्कांना लहानपणापासून त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं. माझी बायकोही अधूनमधून पलीकडं डोकावायची, जेवलात ना अक्का, म्हणून. "आत्ताच जेवले की," अक्का म्हणायच्या. हिनं झाकण उचलून बघितलं नाही. दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण कोण उचलतं? गोळी मात्र परत पहिल्यासारखी आठ वाजता जात होती. जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ, या दोहोंपैकी गोळीची वेळ धरून ठेवणं अक्कांना सोपं गेलं असावं. ती कुणावर अवलंबून नव्हती.

वैशाखात अक्कलकोटच्या बाजूला एक लग्न होतं. वऱ्हाड उशिरा आलं, पंगत उशिरा बसली. आप्पा परतले तेव्हा आमच्या गल्लीत सामसूम होती. सकाळी भिंतीपलीकडून त्यांनी हाक मारली. ती हाक नेहमीसारखी नव्हती. आम्ही गेलो. अक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान छातीवर, पुढं कोरड्या पिठाची परात. अंग गार, श्वास होता. दवाखान्यात नेलं. त्या शुद्धीवर आल्या नाहीत. दुपारी गेल्या. साखर रात्रभर खाली राहिली, मेंदूला आणि हृदयाला ते सोसलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

अक्कांच्या दिवसांच्या पंगतीला आप्पाच वाढायला उभे राहिले. मुलगी रडून सांगत होती, आज तरी बसा. ऐकलं नाही. मांडवात पुरुषांची पंगत बसायला लागली, तशी आप्पांनी आडवा हात धरला. "बायका आदी," म्हणाले. भाऊबंदांतला एक म्हातारा चिडला. ही कुठली रीत, असं म्हणाला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. पुरुष उन्हात ताटकळत उभे राहिले आणि आत बायका जेवल्या. घाईघाईनं, संकोचून, माना खाली घालून जेवल्या. त्यांना सवय नव्हती. आप्पा एकेकीपुढं थांबून, ती घास घेईपर्यंत हलत नव्हते.

सगळं उरकल्यावर ते मागच्या नळाखाली ओगराळं घासत बसले. मी शेजारी उभा होतो. मी काही विचारलं नव्हतं.

"झोपलीय असं वाटलं मला," ते म्हणाले. "मी आलो, तवा ती तशीच बसलेली. म्हणलं, कधी न्हाय ते झोप लागलीय हिला. उठवायला नको. भाकरी न्हवती. भात होता. झाकण काढलं."

नळाचं पाणी ओगराळ्यात भरून वाहत होतं.

"वरचा थर तसाच होता," ते म्हणाले.

मी विचारलं, "त्या रात्री?"

"रोज. चारशे माणसाचं पातेलं दिसतंय मला. दोन माणसाचं दिसणार न्हाय व्हय? रोज आलो की झाकण काढायचो, रोज दिसायचं. ती आत्री म्हणली की मला सुटल्यागत व्हायचं. मग घरी येऊन कुटं परत विचारायचं?"

"मग काय करायचात?"

"जेवायचो," आप्पा म्हणाले. "भूक लागलेली असती की."

त्या रात्रीही ते जेवले होते. बायकोला झोप लागली आहे म्हणून आवाज न करता भात वाढून घेतला, जेवले, ताट उचलून ठेवलं, आणि आत जाऊन झोपले. झोपही लागली. हे सगळं त्यांनी मला, गाठोड्याचं वजन सांगावं तसं सांगितलं. नळ बंद केला. ओगराळं पुसून पंच्यात गुंडाळलं. त्यानंतर ते कुठल्याही मांडवात गेले नाहीत.

थोड्या दिवसांनी त्यांनी गल्लीत फिरायला सुरुवात केली. पहिलं दार आमचं होतं. मी पेढीवरून येऊन बूट काढत होतो. "वैनी, जेवलात का?" बायको आतून म्हणाली, हे आत्ताच येतायत, आता बसूच. आप्पा उंबऱ्यावरच बसले. बायकोनं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यादेखत पहिला घास घेतला, तेव्हा उठले. मी बूट हातात घेऊन उभा होतो. मार्चअखेरीला मला घरी यायला नऊ-साडेनऊ होतात. तेव्हाही बायको आता साडेसातला जेवते. माझं ताट झाकून असतं, मी वाढून घेतो, आणि जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो. आमच्या घरात एवढा बदल झाला. बाकीच्या घरांचं मला माहीत नाही. पातेलं दाखवून परत झाकून ठेवणाऱ्या बायका असतील. आप्पांना ते कळत नसेल असं नाही. म्हणूनच ते दुसऱ्या दिवशी परत जात असावेत.

भिंतीपलीकडचं घोरणं मात्र बंद झालं आहे. त्याऐवजी पावलं ऐकू येतात, अंगणातली. पोट म्हणजे जातं असं सांगणारा माणूस आता अक्का बसायच्या त्या जागी बसतो. जळजळ होते का, असं मी विचारलं होतं. "पोटात काय असंल तर जळंल," म्हणाले. मी ते तेव्हा बोलण्याच्या ओघातलं समजलो.

परवा बायकोनं हुग्गी केली होती. वाटी घेऊन मी पलीकडं गेलो. आप्पा नुकतेच गल्ली फिरून आले होते, ओट्यावर बसले होते. सदरा खांद्यावरून घसरेल इतका सैल झाला होता. इतक्या वर्षांत मला जी चार कानडी वाक्यं येतात, त्यांतलंच एक मी विचारलं.

"आप्पा, ऊटा आतेन्री?"

"आत्री," ते म्हणाले. फोनमधून ऐकला होता तोच स्वर, तितकाच सहज.

वाटी ठेवायला मी आत गेलो. शेगडीशेजारी पातेलं होतं. माझ्या हातून झाकण उचललं गेलं. भात सकाळचा असावा, गार होता. वरचा थर कडेपासून कडेपर्यंत अखंड होता, साईसारखा.

"काय बघलालाव?" बाहेरून आप्पांनी विचारलं.

मी झाकण बाजूला ठेवलं. भिंतीवरच्या खिळ्याला पंच्यात गुंडाळलेलं ओगराळं टांगलेलं होतं, ते काढलं, पुसलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणं कडेनं घातलं. एक ताट घेतलं, त्यावर भात, हुग्गी, आणि बाहेर येऊन त्यांच्यापुढं ठेवलं. मग मीही ओट्यावर बसलो, आणि ताटाकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग ताट जवळ ओढलं.

"जास्त वाढलाव," ते म्हणाले.

बाहेर अजून उजेड होता.